वाचकांचे प्रश्न : सॉफ्टवेअरची वर्गणी आणि शेअरचा भाव

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. घरातली मुले नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रात नोकरीला लागली, जेवताना ‘क्लाउड’ आणि ‘एआय’ हे शब्द कानावर पडू लागले आणि हळूहळू निवृत्तीच्या पैशाची चर्चाही त्याच शब्दांपर्यंत येऊन पोहोचली, असे या पत्रांवरून दिसते. त्यांतील सहा पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत. मी सनदी लेखापाल आहे, शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीकडे नोंदणी केलेला गुंतवणूक सल्लागार नाही. त्यामुळे अमुक शेअर घ्या किंवा तमुक विका असे येथे लिहिले जाणार नाही आणि कंपन्यांची जी नावे येतील ती धंदा उलगडून दाखवण्यापुरतीच येतील.

प्रश्न : मी महालात राहते. तीन वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झाले. पुढच्या महिन्यात माझ्या एका मुदत ठेवीची मुदत संपते आहे आणि त्यातील काही रक्कम क्लाउड कंपन्यांच्या शेअरमध्ये घालावी, असे मुलगा म्हणतो. तो इतक्या भराभर सांगतो की मला अर्धेच कळते. या कंपन्या नेमके काय विकतात आणि त्यातून पैसा कोणाला मिळतो?

उत्तर : बाई, हा शब्द जितका हवेतला वाटतो तितका तो नाही. संगणकांच्या जाळ्याचा नकाशा काढताना जो भाग आपल्या ताब्यात नसतो, तो दाखवण्यासाठी अभियंते ढगाची आकृती काढत असत आणि तेच नाव पुढे रूढ झाले. प्रत्यक्षात तिथे जमिनीवर पक्क्या उभ्या असलेल्या, रात्रंदिवस थंड ठेवाव्या लागणाऱ्या इमारती असतात आणि त्यांत संगणकांच्या फळ्यांवर फळ्या रचलेल्या असतात. मायक्रोसॉफ्टने अशी केंद्रे २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे सुरू केली, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत.

या धंद्याचे दोन मजले आहेत. खालच्या मजल्यावर संगणकाची ताकद आणि माहिती साठवण्याची जागा भाड्याने देणाऱ्या मोजक्या मोठ्या कंपन्या आहेत, म्हणजे मुख्यतः ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल. ॲमेझॉनने २००६ मध्ये हे भाड्याचे काम सुरू केले, तेव्हा पुस्तके विकणाऱ्या कंपनीला हे काय सुचले, असे अनेकांना वाटले होते. २०२३ मध्ये ॲमेझॉनच्या एकूण विक्रीत या शाखेचा वाटा सुमारे १६ टक्के होता, पण धंद्यातून मिळालेल्या नफ्यात तो जवळजवळ दोन तृतीयांश होता. मात्र या मजल्यावर टिकायचे तर इमारती, यंत्रे आणि वीज यांवर सतत प्रचंड भांडवल ओतावे लागते, त्यामुळे नव्या खेळाडूला तेथे शिरणे फार अवघड आहे.

वरच्या मजल्यावर तयार सॉफ्टवेअर वापरायला देणाऱ्या असंख्य कंपन्या आहेत आणि त्यांतील कित्येक खालच्या मजल्याच्या भाडेकरू आहेत. ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीत तेरा वर्षे काढलेल्या मार्क बेनिऑफ यांनी काही सहकाऱ्यांसह १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सेल्सफोर्स ही कंपनी काढली आणि सॉफ्टवेअर सीडीवर विकण्याऐवजी इंटरनेटवरून दरमहा आकारणीने वापरू देण्याची पद्धत रुळवली. २००४ मध्ये ती कंपनी न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदली गेली. आज ‘सास’ (सॉफ्टवेअर ॲज अ सर्व्हिस) या नावाने जे ओळखले जाते ते हेच.

आता हा हिशेब आपल्या ओळखीच्या जागी आणून पाहू. आपण हे मासिक वर्गणी भरून घेता. समजा, वार्षिक वर्गणी १,२०० रुपये आहे आणि आपण ती एकरकमी भरली. त्या दिवशी मासिकाच्या खात्यात १,२०० रुपये आले, पण ती कमाई झाली नाही. बारा अंकांचे देणे डोक्यावर बसले. एकेक अंक आपल्या हाती पडत जाईल तसतसे शंभर-शंभर रुपये उत्पन्नात येतील. वर्ष संपताना वेष्टनावर ‘आपली वर्गणी या अंकाबरोबर संपत आहे’ असा शिक्का पडेल, आणि मासिकाचे भवितव्य तो शिक्का पाहून आपण काय करता यावर ठरेल. क्लाउड सॉफ्टवेअरचा धंदा हा असा वर्गणीदारांचा धंदा आहे. पैसा आधी येतो, काम वर्षभर करायचे असते आणि खरी परीक्षा नूतनीकरणाच्या दिवशी होते. मासिकाच्या पुढे सॉफ्टवेअर एका बाबतीत आहे : दर जादा अंकाला कागद आणि टपाल लागते, दर जादा वापरकर्त्याला मात्र फारच थोडा खर्च येतो. म्हणून १०० रुपयांच्या विक्रीतून सर्व्हरचे भाडे आणि ग्राहकसाहाय्य वजा जाता ७० ते ८० रुपये उरणे या धंद्यात सर्वसाधारण मानले जाते.

इथवर मुलाचे म्हणणे बरोबर आहे. परंतु चांगला धंदा आणि शेअरचा योग्य भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या क्षेत्रात त्यांची फारकत फार मोठी होऊ शकते. टाळेबंदीच्या काळात घराघरांत पोहोचलेल्या झूमचा भाव ऑक्टोबर २०२० मध्ये ५५० डॉलरच्या वर गेला होता. २०२२ संपताना तो ७० डॉलरच्याही खाली होता. कंपनीचे गिऱ्हाईक तुटले होते का, तर नाही. जानेवारी २०२१ मध्ये संपलेल्या वर्षात तिची विक्री सुमारे २६५ कोटी डॉलर होती आणि जानेवारी २०२३ मध्ये संपलेल्या वर्षात सुमारे ४३९ कोटी डॉलर. विक्री वाढत असतानाही भाव आठव्या हिश्श्यावर आला, कारण वाढीचा तोच वेग कायम राहील असे धरून लोकांनी आधीच पैसे मोजले होते.

ठेवीचे व्याज घरखर्चाला लागते की नाही, हे आपण पत्रात लिहिलेले नाही आणि उत्तराचा सगळा भार त्यावरच आहे. लागत असेल, तर ती ठेव मोडीत काढून शेअरमध्ये घालू नये, मुलगा कितीही हुशार असला तरी. लागत नसेल, तर पुढची सात-आठ वर्षे ज्या रकमेची आठवणही होणार नाही तेवढीच बाजूला काढावी, आणि तीही एका कंपनीत किंवा एका दिवशी घालू नये.

प्रश्न : मस्कासाथेत माझी मिरची-मसाल्याची ठोक पेढी आहे. पंधरा वर्षांपूर्वी हिशेबाचे सॉफ्टवेअर एकदाच पैसे भरून घेतले होते. त्याची सीडी अजून गल्ल्याच्या खणात आहे. आता कंपनीने ते बंद करून दरवर्षी पैसे मागणारे नवे आणले आणि दोन वर्षांत दर दोनदा वाढवला. मला चीड येते, पण सोडताही येत नाही. मुनीमजी म्हणतात, ज्याला आपण असे बांधलो गेलो त्याचेच शेअर घ्यावेत. यात काही तथ्य आहे का?

उत्तर : मुनीमजींनी दोन वाक्यांत जे सांगितले ते शेअर दलालांच्या अहवालात वीस पानांत सांगितलेले असते. आपली चीड आणि आपली अडचण या दोन्ही गोष्टी त्या कंपनीच्या ताळेबंदात ‘टिकून राहिलेला ग्राहक’ म्हणून जमेच्या बाजूला बसतात.

एकरकमी विक्रीकडून वर्गणीकडे जाण्याचा मार्ग कंपन्यांनाही सोपा गेलेला नाही. छायाचित्रे आणि छपाईच्या कामासाठी घरोघरच्या प्रेसमध्ये वापरली जाणारी सॉफ्टवेअरे बनवणाऱ्या ॲडोबीने मे २०१३ मध्ये जाहीर केले की यापुढे नवी आवृत्ती कायमच्या परवान्यावर विकली जाणार नाही, ती फक्त वर्गणीवर मिळेल. एकदम मिळणारे शेकडो डॉलर थांबले आणि महिन्याचे थोडके डॉलर सुरू झाले, त्यामुळे २०१२ च्या आर्थिक वर्षात सुमारे ४४० कोटी डॉलर असलेली विक्री पुढच्या वर्षी ४०५ कोटींवर आली आणि निव्वळ नफा ८३ कोटींवरून २९ कोटींवर घसरला. ग्राहक संतापले, निषेधाच्या अर्जांवर सह्या झाल्या. तरीही त्याच वर्षी शेअरचा भाव चढला, कारण पुढील वर्षांची आवक आता आधीच दिसू लागली होती. २०१५ मध्ये विक्री ४८० कोटींवर आणि २०२३ मध्ये १,९४० कोटी डॉलरच्या पुढे गेली.

तेव्हा बांधलेला ग्राहक ही मोलाची वस्तू आहे, हे खरे. पण तो कशाने बांधला गेला आहे हे पाहावे लागते. आपली पंधरा वर्षांची खाती, अडत्यांचे उधार-उसनवारीचे हिशेब, वस्तू व सेवा कराची बिले आणि मुनीमजींच्या बोटांना बसलेली सवय हे सगळे त्या सॉफ्टवेअरमध्ये अडकलेले आहे. ही पकड घट्ट आहे. याउलट जे सॉफ्टवेअर कर्मचारी आठवड्यातून एकदा उघडतात, ते पुढच्या मंदीत खर्चकपातीच्या पहिल्याच यादीत येते. शिवाय आपल्यासारख्या हजारो पेढ्या चिडलेल्या असतील, तर स्वस्त आणि साधा पर्याय घेऊन येणाऱ्या स्पर्धकासाठी बाजार आयताच तयार झाला, असाही त्याचा अर्थ होतो. आपण ज्या कंपनीला पैसे भरता ती शेअर बाजारात नोंदलेली आहे का, हेही आधी तपासावे. देशी हिशेबी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कित्येक कंपन्या खाजगीच आहेत.

शेअरपेक्षा आपल्याला अधिक निकडीची एक गोष्ट सांगतो. वर्गणी थकल्यावर जुनी खाती नुसती पाहता तरी येतील की नाही, हे कंपनीकडून लेखी घ्या. वस्तू व सेवा कर कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. दर तिमाहीला सर्व खाती एक्सेल आणि पीडीएफमध्ये उतरवून वेगळ्या डिस्कवर ठेवण्याची सवय मुनीमजींना लावा आणि ती डिस्क मिरचीच्या धुळीपासून दूर, घरी ठेवा. करापुरते बोलायचे तर जुना परवाना मालमत्ता म्हणून दाखवून त्यावर आधी ६० आणि एप्रिल २०१७ पासून ४० टक्के दराने घसारा घ्यावा लागत असे. वार्षिक वर्गणी ज्या वर्षाची असेल त्या वर्षी पूर्ण खर्ची पडते. एवढे समाधान.

प्रश्न : मी २७ वर्षांचा असून मनीषनगरात राहतो. एका अमेरिकी क्लाउड सॉफ्टवेअर कंपनीच्या येथील शाखेत काम करतो. कंपनी दर तिमाहीला तोटा दाखवते, पण व्यवस्थापन ‘समायोजित नफा’ झाल्याचे सांगते. पगाराचा भाग म्हणून मला कंपनीचे शेअर मिळतात आणि माझी जवळजवळ सर्व बचत त्यांतच आहे. हा तोटा चांगला की वाईट, हे कसे ओळखावे?

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत आणि मला दुसऱ्याची अधिक काळजी वाटते, पण पहिल्यापासून सुरुवात करू.

वर्गणीच्या धंद्यात ग्राहक मिळवण्याचा खर्च आज होतो आणि त्याच्याकडून येणारा पैसा पुढे कित्येक महिने झिरपत राहतो. म्हणून वेगाने वाढणारी कंपनी तोटा दाखवू शकते आणि तरी निरोगी असू शकते. कोणता तोटा पेरणीचा आहे आणि कोणता धूप झालेल्या जमिनीचा, हे गळतीवरून कळते. एक हिशेब मांडून पाहा. एक ग्राहक आणायला विक्री आणि जाहिरातीवर ३,००० रुपये खर्च होतात, तो दरमहा २०० रुपये देतो आणि सर्व्हर वगैरेचा खर्च वजा जाता त्यातील १५० रुपये उरतात, असे समजू. घातलेले ३,००० रुपये परत यायला २० महिने लागले. आता दरमहा ५ टक्के ग्राहक सोडून जात असतील, तर सरासरी ग्राहक टिकतोच २० महिने. म्हणजे कंपनीने इतका खटाटोप करून पदरात काही पाडले नाही आणि कार्यालयाचे भाडे व संशोधनाचा खर्च अंगावर राहिला. हीच गळती २ टक्के असेल, तर ग्राहक सरासरी ५० महिने टिकतो आणि ३,००० रुपयांचे ७,५०० होतात. किंमत, खर्च, उत्पादन सगळे तेच. महिन्याला २ टक्के म्हणजे किरकोळ, असे मात्र समजू नये : १,००० ग्राहकांपैकी वर्षअखेर सुमारे ७८५ उरतात, आणि ५ टक्क्यांनी फक्त ५४०.

व्यवस्थापन ज्या आकड्याचा उल्लेख आवर्जून करते तो असतो जुन्या ग्राहकांकडून मिळणाऱ्या उत्पन्नाचा : गेल्या वर्षीच्याच ग्राहकांनी, सोडून गेलेले वजा जाता, यंदा शंभराला किती दिले. २०२० मध्ये बाजारात आली तेव्हा स्नोफ्लेक या अमेरिकी क्लाउड कंपनीचा हा आकडा १५८ होता, म्हणजे नवा ग्राहक एकही आला नसता तरी उत्पन्न दीडपटीहून अधिक झाले असते. जानेवारी २०२५ मध्ये तो १२६ वर आला होता. एखाद्या तिमाहीचा आकडा किती मोठा आहे यापेक्षा तो सलग आठ-दहा तिमाह्या कोणत्या दिशेने सरकतो आहे, हे मी आधी पाहीन. वाढीची टक्केवारी आणि नफ्याची टक्केवारी मिळून ४० झाली पाहिजे, असाही एक नियम या क्षेत्रात सांगितला जातो. तो कुंडलीतील गुणमेलनासारखा आहे. पाहावा, पण त्यावर लग्न ठरवू नये.

‘समायोजित नफा’ या शब्दाजवळ मात्र थांबा. त्यात बहुधा कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअरची किंमत खर्चातून वगळलेली असते. रोख बाहेर गेली नाही म्हणून हा खर्चच नाही, असा युक्तिवाद केला जातो. परंतु आपल्याला ते शेअर मिळाले नसते तर आपण अधिक पगार मागितला असता, आणि नवे शेअर छापले गेले की जुन्या भागधारकांचा हिस्सा तेवढा पातळ होतो. त्यामुळे हा खर्च धरून आणि न धरून, असे दोन्ही आकडे शेजारी लिहून पाहावेत. सोबत ताळेबंदातील आगाऊ मिळालेल्या, पण अजून सेवा न दिलेल्या वर्गणीची रक्कम पाहावी. विक्री वाढते आहे आणि ही रक्कम आटते आहे, असे दिसले तर पुढे काहीतरी अडते आहे.

आणखी एक शंका अलीकडे रास्तपणे विचारली जाते. यांतील बहुतेक कंपन्या माणशी दर लावतात. एआयमुळे दहा जणांचे काम सहा जण करू लागले, तर ग्राहक समाधानी असूनही चार जणांची वर्गणी कमी होईल. कंपन्या वापरानुसार आकारणीकडे वळत आहेत ते यामुळेच. आपण आत बसलेले आहात. आपले ग्राहक नूतनीकरणाच्या वेळी संख्या घटवत आहेत का, हे बाहेरच्या विश्लेषकाआधी आपल्या लक्षात येईल. तशी माहिती अजून जाहीर झालेली नसेल, तर तिच्या आधारे व्यवहार करणे हा गुन्हा आहे, हेही विसरू नये.

आता दुसरा प्रश्न. आपला पगार, आपली बढती आणि आपली बचत हे तिन्ही एकाच कंपनीच्या प्रकृतीवर अवलंबून आहेत. विहीर आटली की प्यायचे पाणी आणि शेताचे पाणी एकाच दिवशी जाते. शेअर आपल्या नावावर जमा झाले त्या दिवशीच्या भावाने त्यांची किंमत पगार म्हणून करपात्र झालेली आहे. म्हणजे ते न विकणे हे पगारातून त्याच भावाने विकत घेण्यासारखेच आहे. पाच हजार नोकऱ्या देणाऱ्या कंपन्याही एका ईमेलमध्ये शंभर माणसे कमी करतात आणि बहुतेक वेळा ते भाव पडल्यानंतर करतात. माझ्या मुलाला मी सांगितले असते की दर वेळी जमा होणाऱ्या शेअरचा मोठा भाग ठरलेल्या दिवशी विकून अन्यत्र ठेव, भाव चढणार की उतरणार याचा विचार न करता. हे परदेशी शेअर विवरणपत्रातील विदेशी मालमत्तेच्या अनुसूचीत दाखवावे लागतात. तरुण अभियंत्यांकडून हे इतके वारंवार राहून जाते की लिहिल्यावाचून राहवत नाही.

प्रश्न : टीसीएस आणि इन्फोसिसचे शेअर घेतले म्हणजे क्लाउडमध्ये गुंतवणूक झाली का? नसेल, तर धरमपेठेत बसून परदेशी शेअर घेण्याचा कायदेशीर मार्ग कोणता?

उत्तर : पूर्णपणे नाही. टीसीएस, इन्फोसिस किंवा परसोडीच्या आयटी पार्कात ज्यांचे कार्यालय आहे ती पर्सिस्टंट या कंपन्यांचे मुख्य उत्पन्न सेवेतून येते : ग्राहकाची यंत्रणा क्लाउडवर हलवणे, जुळवणे, सांभाळणे. त्यांचे उत्पन्न माणसांच्या संख्येबरोबर वाढत आले आहे. सॉफ्टवेअर उत्पादनाचे तसे नसते. सेवा कंपन्यांचा फायदा असा की नफा रोख असतो आणि लाभांश मिळतो. आपल्याकडची मोठी उत्पादन कंपनी झोहो बाजारात नोंदलेलीच नाही. २०१० मध्ये चेन्नईत सुरू झालेली फ्रेशवर्क्स नोंदली गेली ती सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात, ३६ डॉलर भावाने, आणि ज्यांनी पहिल्या दिवशी त्याहून चढ्या भावाने घेतले त्यांची नंतर बरीच निराशा झाली.

परदेशी शेअरसाठी रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांच्या वरील गुंतवणुकीच्या रकमेवर बँक २० टक्के कर आधीच गोळा करते. तो पुढे आपल्या करातून वळता होतो, पण पैसा मधल्या काळात अडकतो. म्युच्युअल फंडातून जाणे सोपे असले, तरी सर्व फंडांना मिळून परदेशी गुंतवणुकीसाठी ७०० कोटी डॉलरची मर्यादा आहे आणि ती भरत आल्यामुळे २०२२ च्या सुरुवातीला कित्येक योजनांनी नवे पैसे घेणे थांबवले होते. योजना निवडण्याआधी ती पैसे स्वीकारते आहे का, हे पाहावे.

प्रश्न : प्रतापनगरातील आमच्या सकाळच्या फिरण्याच्या गटातील एकाने मला व्हॉट्सॲपच्या एका समूहात घेतले. एका क्लाउड कंपनीचे शेअर बाजारात येण्याआधीच निम्म्या भावात मिळतील, पैसे एका खात्यात भरायचे आहेत. काय करावे?

उत्तर : समूहातून बाहेर पडावे आणि त्या मित्रालाही बाहेर काढावे. सल्लागाराचा नोंदणी क्रमांक ‘आयएनए’ने आणि संशोधन विश्लेषकाचा ‘आयएनएच’ने सुरू होतो, तो सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः शोधून पाहावा, समूहात आलेल्या छायाचित्रावर विसंबू नये. पैसे गेलेच असतील, तर आजच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवावे. अशा वेळी एकेक तास मोलाचा असतो.

शहाण्या माणसांची अशी फसगत होत नाही, असे समजू नका. १९९९ च्या अखेरीस सीताबर्डीवरील एका दलालाच्या कार्यालयात बसून मी स्वतः एका कंपनीचे शेअर घेतले होते. ती आदल्या वर्षीपर्यंत कापडाचा व्यापार करीत होती आणि तिने नावात फक्त ‘इन्फोटेक’ एवढे जोडले होते. तिचा ताळेबंद वाचायला मला एक दुपार पुरली असती. नॅसडॅक निर्देशांक १० मार्च २००० रोजी ५,०४८ वर पोहोचला आणि ऑक्टोबर २००२ मध्ये १,११४ वर होता. त्याला जुनी उंची गाठायला २०१५ उजाडले. माझ्या कंपनीचे दार त्याआधीच बंद झाले. ते शेअर प्रमाणपत्र मी नव्या उमेदवार मुलांना दाखवण्यासाठी कार्यालयात ठेवले आहे.

प्रश्न : माझे यजमान डिसेंबरमध्ये वारले. आम्ही लक्ष्मीनगरात राहतो. त्यांनी मोबाइलच्या ॲपवरून अमेरिकेतील काही सॉफ्टवेअर कंपन्यांचे शेअर घेतले होते, हे मला आता कळले. किंमत सुमारे १४ लाख रुपये आहे. भाच्याने पासवर्ड शोधला आहे आणि तो म्हणतो, विकून टाकू.

उत्तर : ताई, आपल्या दुःखात सहभागी आहे. भाच्याला आधी थांबवा. यजमानांच्या नावाने विक्री करण्याचा अधिकार त्यांच्याबरोबर संपला. हेतू कितीही स्वच्छ असला, तरी तो व्यवहार पुढे आपल्यालाच अडचणीत आणील.

ॲप चालवणाऱ्या कंपनीला निधनाची लेखी सूचना द्या आणि वारसाच्या नावे हस्तांतरणासाठी कोणती कागदपत्रे लागतात याची यादी लेखी मागवा. शेअर प्रत्यक्षात अमेरिकी दलालाकडे असल्यामुळे येथील नॉमिनीच्या नोंदीवर काम भागेलच असे नाही. वारसा प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते आणि त्याला न्यायालयात वेळ लागतो, म्हणून वकिलाकडे लवकर जा. अमेरिकेत राहत नसलेल्या परदेशी नागरिकाच्या तेथील शेअरवर मृत्यूनंतर वारसा कर लागतो, पण ६०,००० डॉलरपर्यंतच्या मालमत्तेला तो लागत नाही आणि आपली रक्कम त्याच्या बरीच खाली आहे. ज्या वाचकांची रक्कम त्या रेषेजवळ आली आहे त्यांनी हे आताच पाहून ठेवावे, कारण वरच्या टप्प्यात हा दर ४० टक्क्यांपर्यंत जातो.

भारतात वारसाहक्काने मिळालेल्या शेअरवर आपल्याला आज काही कर नाही. पुढे विकाल तेव्हा यजमानांनी घेतलेली किंमत आणि त्यांच्या खरेदीची तारीखच आपली धरली जाईल. एकूण २४ महिन्यांहून अधिक झाले असतील, तर नफ्यावर १२.५ टक्के, नाहीतर आपल्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे. लाभांश मिळाला असेल, तर अमेरिकेने त्यातून २५ टक्के कापलेले असतात आणि त्याची वजावट येथे मागता येते. यजमानांचे शेवटचे विवरणपत्र आपल्याला वारस म्हणून भरावे लागेल आणि त्यात ३१ डिसेंबरला संपलेल्या वर्षातील हे शेअर विदेशी मालमत्तेत दाखवावे लागतील. मागील वर्षांत ते दाखवले होते का, हे त्यांच्या जुन्या विवरणपत्रांत पाहा. राहून गेले असेल तर घाबरू नका. १ ऑक्टोबर २०२४ पासून एकूण २० लाख रुपयांपर्यंतच्या अशा मालमत्तेसाठी १० लाखांच्या दंडाची तरतूद लागू होत नाही.

आणि त्यांचा मोबाइल क्रमांक इतक्यात बंद करू नका. दरमहाचे रिचार्ज चालू ठेवा. दलालाची पत्रे, जुनी खरेदीची टिपणे, लाभांशाच्या नोंदी हे सगळे त्यांच्या ईमेलमध्ये असेल, आणि ते ईमेल उघडण्याचा संकेतांक त्याच क्रमांकावर येत असेल.